नवसाचे रोडगे आणि अकोल्याची ढाल

लग्नात कानपिळीच्या वेळी मेहुण्याने माझा उजवा कान असा पिळला की डोळ्यांत पाणीच आलं. रिवाजाप्रमाणे नवरीच्या भावाला फेटा मिळतो, तसा त्यालाही मिळाला. पण कान सोडण्याआधी तो वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने माझ्या कानात म्हणाला, "बहीण देल्ली भाऊजी, ढाल नाही देनार." भटजी हसले, वऱ्हाडी हसले, आणि जेमतेम घटकाभरापूर्वी माझी बायको झालेली त्याची बहीण मुंडावळ्यांआडून हसली. मला मात्र हसू आलं नाही. मला तिथल्या तिथे लग्न थांबवून त्याच्याशी खो-खो खेळावासा वाटला.

ही ढाल म्हणजे लाकडाच्या पाटीवर पितळेचा पत्रा ठोकलेली एक वस्तू. किमतीने काही नाही. पण दर हिवाळ्यात अमरावतीचं आमचं कॉलेज आणि अकोल्याचा एक आखाडा यांच्यात खो-खोचा सामना व्हायचा आणि जिंकणारा ही ढाल घेऊन जायचा. माझ्या शेवटच्या वर्षी मी कॉलेजचा कप्तान होतो आणि माझ्याच हातून ती अकोल्याला गेली. त्यांचा कप्तान हाच माझा मेहुणा. माझे सासरे अकोल्याला वकिली करत. ते त्या दिवशी पोराचा खेळ पाहायला आले होते आणि 'हरला, पण रडला नाही' एवढ्यावर त्यांनी मला जावई म्हणून पसंत केलं, अशी आमच्या घरची कथा आहे. खरं म्हणजे मी रडलो होतो. पण पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडलो, त्यामुळे लग्न जमलं.

नंतर मी दर्यापूरला इंग्रजी शाळेत मास्तर झालो. वाईट काहीच नव्हतं. पगार वेळेवर, घर शाळेजवळ, चहूकडे काळी जमीन आणि कपाशी. पण मला करमत नव्हतं. शाळा सुटली की मी ओट्यावर बसायचो आणि सर्व्हिस मोटारीतून कोण उतरतं ते पाहत राहायचो. पोरं शाळेच्या अंगणात खो-खो खेळायला लागली की मी उठून घरात जायचो. ढाल गेली ती गेली, तिच्याबरोबर मी खेळाचं नावही टाकलं. बायको विचारायची, "कावून असे बसून राहता जी? कोनी काही बोललं का?" मी म्हणायचो, काही नाही. खरोखरच काही नव्हतं, आणि तेच दुखणं होतं. मुलांना भूतकाळ आणि भविष्यकाळ शिकवता शिकवता माझा वर्तमानकाळ कुठे गेला ते मलाच कळेनासं झालं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला ही माहेरी जाऊन आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी सर्व्हिस मोटारीतून आमचे संस्कृतचे सर उतरले. धुळीने भरलेले, बगलेत छत्री, पायांत त्याच करकरणाऱ्या वहाणा. कॉलेजात देशी खेळांचा सगळा भार या एका माणसाच्या डोक्यावर. मैदानावरचे दोन्ही खांब त्यांनी स्वतः खड्डे खणून रोवलेले. ओट्यावर टेकायच्या आतच त्यांनी तोंड उघडलं, "प्रिन्सिपॉलसाहेबांना टेनिसला दुसरं मैदान हवंय. आपलंच हवंय. मी भांडलो. ते म्हणाले, यंदा ढाल आणा आणि मैदान ठेवा. नाही आणली तर नाताळाच्या सुटीनंतर मैदानावर टेनिससाठी रूळ फिरेल. आता तू येतोस, की मी दर्यापूरला राहायला येऊ?"

मला आठवतं, मी उभाच राहिलो. त्या मैदानावर टेनिसचं जाळं? जिथे अनवाणी पळून माझ्या टाचा दगड झाल्या, तिथे पांढऱ्या बुटांनी टुकटुक करणार? अंगात एकदम काहीतरी पेटलं. मागे वळून पाहिलं तर बायको आतल्या खोलीत माझी पिशवी भरत होती. दोन धोतरं, टॉवेल, आणि तळाशी ती जुनी अर्धी चड्डी, जी मी फेकून दिली असं मला वाटत होतं.

त्यानंतरचे शनिवार म्हणजे काय सांगू! शाळेची घंटा झाली की मी पोरांच्याही आधी फाटकाबाहेर. सर्व्हिस मोटारीत पुढची जागा धरायची आणि ड्रायव्हरला दर मैलाला हाकलायचं. तो वैतागून म्हणायचा, "मास्तर, मोटार हाय हे, घोडं नोहे." अमरावतीला पोचलो की सामान सरांच्या ओसरीत टाकून तडक मैदानावर. कॉलेजच्या मागच्या बाजूचं ते मुरमाचं मैदान, दोन टोकांना दोन खांब. उभं जग एकीकडे आणि त्या दोन खांबांमधली जागा एकीकडे. पहिल्या दिवशी मी खांबाला हात लावला आणि मला स्वतःचीच लाज वाटली, इतका आनंद झाला.

संघ मात्र पाहण्यासारखा होता. पोरं पाटीवर बसायची ती वर्गात बसल्यासारखी. खो मिळाला की आधी मागे वळून पाहायची, मग उठायची. तोवर पळणारा गडी बडनेऱ्याला पोचावा. आणि खो द्यायची घाई तर अशी, की जणू पाठलाग करणं हे उष्टं काम आहे आणि लवकरात लवकर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आहे. मी ओरडून घसा बसवला. "अरे, त्याला जवळ येऊ दे! त्याला वाटू दे की तू त्यालाच धरणार. त्याने अंग वळवलं की मग दे खो!" एक पोरगा धीर करून म्हणाला, "सर, असं कसं कळन का तो कवा वळते?" मी म्हणालो, बघ. आणि दर्यापूरच्या मास्तराने धोतर खोचलं. दम लागला, बरगडीत कळ आली, पण मी तिघांना बाद केलं आणि चौथ्याच्या वेळी तोंडावर पडलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पडल्या पडल्या हसत होतो. किती दिवसांनी हसलो, हे मोजायचं त्या वेळी सुचलंच नाही.

कप्तान माळ्याचा पोरगा होता. गावाबाहेर त्यांचा मळा. पहाटे वांग्या-मिरच्यांना पाणी देऊन तो कॉलेजात यायचा, त्यामुळे पिंढऱ्यांवर कायम ओला चिखल. बोलायला कमी, पण वळायला असा की पाहतच राहावं. भर वेगात एका पायावर फिरायचा आणि तोल जरासुद्धा जायचा नाही. मी विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, "वरंब्यावर. पाय घसरला का बाप मारते." झालं! दुसऱ्या दिवशी सगळा संघ मी त्याच्या मळ्यात नेला आणि वाफ्यांमधल्या अरुंद वरंब्यांवरून पळवला. थोड्याच वेळात कप्तानाचा बाप हातात काठी घेऊन धावत आला. "हे पोट्टे खेळून राहिले का माहे वांगे तुडवून राहिले? पळाचंच असन त् झाऱ्या घेऊन पळा!" मग त्या रविवारी अमरावतीच्या कॉलेजातल्या होतकरू वकिलांनी आणि मास्तरांनी झाऱ्या घेऊन अख्खा मळा भिजवला. पण महिन्याभरात पोरं वळायला लागली. खांबाशी पोचलेला गडी आता सहज सुटेना. सर छत्री टेकून कडेला उभे राहत आणि चांगला खो दिला गेला की संस्कृतात काहीतरी पुटपुटत.

सामना नाताळाच्या सुटीत अकोल्याला ठरला. शनिवार, दुपार कलल्यावर. आम्ही आदल्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली. संघाची सोय धर्मशाळेत करावी असा माझा विचार होता. पण सासूबाईंनी ही बातमी ऐकली मात्र, निरोप आला की जवाईबापूंचे लोक धर्मशाळेत राहिले तर आम्ही अकोल्यात तोंड कसं दाखवायचं. मुकाट्याने सगळे सासरी. बायको दर्यापूरहून आधीच येऊन बसली होती. कप्तानाने रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मळ्यातल्या वांग्यांची टोपली आणली होती. ती सासूबाईंनी अशा कौतुकाने उचलून आत नेली की पोरगं लाजून लाल झालं. मेहुणा दारातच उभा होता. आता तो अकोल्याच्या संघाला शिकवत होता. माझा कान लांबूनच न्याहाळत म्हणाला, "या भाऊजी. ढाल पुसून ठेवली हाय. पाहून जा."

शनिवारी सकाळी त्याने सांगितलं, "आई म्हनते आज आपल्या मळ्यात रोडगे हायेत. मारुतीचा नवस हाय. साऱ्या पोट्ट्यायले घेऊन या."

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला रोडगा म्हणजे काय ते सांगायला हवं. कणकेचा घडीवर घडी घालून केलेला ओंजळभर गोळा, शेणाच्या गौऱ्यांच्या आरात भाजलेला. वरून कडक, आतून मऊ. तो पत्रावळीवर फोडायचा, त्याच्यावर वाटीने तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. एक खाल्ला की माणूस झाडाखाली आडवा होतो. दोन खाल्ले की त्याला तिन्हीसांजेलाच जाग येते. आणि सामना त्याच दिवशी दुपारी!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कसला नवस आणि कसलं काय! माझ्या पोरांना रोडगे चारून मैदानावर बैलांसारखं रवंथ करायला लावायचा हा डाव होता. आणि डाव असा पक्का की त्यातून सुटकाच नाही, कारण जावई नवसाचं अन्न नाकारू शकत नाही आणि जावयाबरोबरचे लोक सासूच्या आग्रहापुढे हात आडवा करू शकत नाहीत. तरी मळ्याकडे जाताना मी पोरांना कानात सांगून ठेवलं, "चाखायचं, खायचं नाही." पोरांनी माना हलवल्या. समोरून भाजलेल्या कणकेचा आणि वांग्यांचा वास आला, आणि माना हलायच्या थांबल्या.

मारुतीच्या देवळापाशी चिंचेखाली पंगत मांडली होती. सासूबाई स्वतः तुपाचं भांडं घेऊन उभ्या. मळ्यात सोवळं-ओवळं नसतं, असं त्यांचं एक सोयीचं मत होतं, त्यामुळे सगळे एकाच ओळीत. मी सहज विचारतो असं दाखवत मेहुण्याला म्हणालो, "तुझा संघ कुठेय?"

"आमचे पोट्टे? ते घरून भाकर खाऊन सीधे मैदानावर येतीन," तो म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला. ते हसणं मी पाहिलं. ती मिशी मी लग्नात कानाशी पाहिली होती.

सासूबाईंनी माझ्या पानात रोडगा फोडला आणि तूप ओतायला हात उचलला. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हणालो, "मी जेवत नाही."

सगळं थांबलं. अकोल्यात काय आणि अमरावतीत काय, जावयाने भरल्या पानावर हात आखडता घेतला की चूलसुद्धा विझते. तूप तसंच भांड्यात राहिलं. सासरे काठी टेकत उठले. बायकोने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे म्हणालो, "लग्नात मी रुसलो नव्हतो. माझा तो मान शिल्लक आहे. तो मी आज घेतो."

सासूबाईंच्या जिवात जीव आला. रुसवा म्हणजे काय, कपडा, अंगठी, काहीतरी मागणं असणार. "सांगा जवाईबापू, काय पायजे?"

"अकोल्याचा संघ याच पंगतीत बसला पाहिजे. माझ्या एका पोराच्या शेजारी त्यांचा एक. आणि वाढायचं ते दोघांना सारखं."

मेहुण्याच्या तोंडचं हसू उतरलं. "आई, त्यायचा आज सामना…"

"मंग काय झालं? नवसाचे रोडगे हायेत, चार लोकायनं जास्त खाल्ले त् मारुती रागावते का? जाय, बलाव त्यायले," सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. आणि तो बिचारा सायकल घेऊन आपल्याच संघाला जेवायला बोलवायला गेला. मी मांडी घालून बसलो. नेपोलियन वगैरे मंडळींना जिंकल्यावर कसं वाटत असेल ते मला त्या चिंचेखाली कळलं.

अकोल्याची पोरं आली. मी स्वतः उभं राहून जागा लावल्या. अमरावती, अकोला, अमरावती, अकोला. आमच्या कप्तानाच्या शेजारी त्यांचा सगळ्यात चपळ गडी बसला. तो जिनिंगमध्ये कामाला होता, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, अंग वेताच्या छडीसारखं. सासूबाईंनी वाढायला सुरुवात केली आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हुशारीत एक भोक राहून गेलं आहे. अमरावतीच्या पोरापुढे अकोल्याचा पोरगा पुरे कसा म्हणेल? आणि अकोल्याच्या पोरापुढे अमरावतीचा? एकाने रोडगा संपवला की शेजाऱ्याने दुसरा फोडलाच. "उमरावतीवाल्यायची भूक येवढीच का?" असं कोणी म्हणालं की आमची सगळी पोरं तुपाची वाटी पुढे करत होती. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतो, पोरांना डोळ्यांनी दटावत होतो. कोणी माझ्याकडे बघेना. आमच्या कप्तानाने आपल्या पानातला अर्धा रोडगा त्या जिनिंगवाल्याच्या पानात टाकला आणि म्हणाला, "खाय, हे वांगे माह्या मळ्यातले हायेत." तो म्हणाला, "तरीच लय गोड लागून राहिले." इकडे मी घामाघूम!

त्या दिवशीच्या खेळाचा पहिला भाग मी विसरायचा प्रयत्न करतो. आखाड्याचं मैदान काळ्या मातीचं, वर राखेच्या रेघा. अख्खं अकोलं लोटलं होतं. वकील, अडते, शाळकरी पोरं, एका बाजूला बायका. आणि मैदानावर दोन्ही संघ डोहातल्या म्हशींसारखे. पाठलाग करणारा एक हात पोटावर ठेवून पळतोय, पळणारा खांबाला टेकून उभा राहतोय. बसलेल्यांपैकी एकाला तर खो मिळाला आणि तो उठलाच नाही. लोक ओरडायला लागले. कोणीतरी "बैलबंडी आना!" म्हणून आरोळी दिली. मी आणि मेहुणा, आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. दोघांनाही कोणाला शिव्या द्याव्या ते कळत नव्हतं. सर छत्रीआड तोंड लपवून बसले होते. बहुतेक हसत होते.

पण तरणी पोरं ती. मध्यंतरानंतर ऊन उतरलं, अंगं मोकळी झाली आणि खेळ पेटला. असा पेटला की मी तसा पुन्हा पाहिला नाही. अकोल्याने आमचे गडी भराभरा उडवले. मग आमची पाठलागाची पाळी आली आणि आमच्या पोरांनी मी सांगितलं ते सगळं, अगदी सगळं केलं. थांबून खो दिला. गड्याला वळू दिलं. एक गेला, दुसरा गेला, पुढची तुकडी आली, तीही गेली. गुण बरोबरीला आले. आता अकोल्याचा एकच गडी मैदानात राहिला, तो जिनिंगवाला, आणि पंचाच्या हातातलं घड्याळ संपत आलेलं. तो बाद झाला तर ढाल आमची. नाही झाला तर बरोबरी, आणि बरोबरीत ढाल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते असा नियम. म्हणजे रूळ फिरणार.

मी काय ओरडत होतो ते मला ठाऊक नाही. घसा आधीच गेला होता. तो गडी पाण्यातल्या मासोळीसारखा बसलेल्यांच्या मधून निसटत होता. खो, खो, खो! शेवटचा खो कप्तानाला मिळाला. त्याने घाई केली नाही. गड्याला खांबाकडे जाऊ दिलं. गड्याने हूल दिली, कप्तान फसल्यासारखा झुकला, गडी वळला, आणि त्याच क्षणी कप्तान एका पायावर फिरून अंगभर लांब झेपावला. दोघंही खांबापलीकडे धुळीत. आणि शिट्टी.

"बाद!" आमची पोरं ओरडली. "नाही! नाही!" अख्खं अकोलं ओरडलं. पंच एक वयस्क वकील होते, सरळ माणूस. ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला होते आणि मध्ये धूळ. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "मला दिसलं नाही. दिसलं नाही ते मी देणार नाही." मग त्यांनी त्या गड्याला उभं केलं. "तूच सांग बापा. हात लागला का?"

त्या वेळी अशी पद्धत होती. तरी आपल्या गावाच्या गर्दीत, आपल्या ढालीसमोर उभं राहून कोणी हो म्हणेल अशी माझी काही अपेक्षा नव्हती. मी डोळे मिटले. त्या गड्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मान खाली घातली, ना हो ना नाही. मग त्याने आमच्या कप्तानाकडे पाहिलं. कप्तान गुडघ्यावर बसून धापा टाकत होता, पिंढऱ्यांना काळी माती.

"लागला," गडी म्हणाला. "पाठीले बोटं लागले." गर्दीतून कोणीतरी त्याला शिवी हासडली. तो त्या बाजूला वळून जोरात म्हणाला, "सकाळी एका पंगतीत बसून नवसाचे रोडगे खाल्ले बावा! अजून पोटात हायेत. खोटं कसं बोलू?"

पंचांनी हात खाली केला. बाद.

मला पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पोरांनी कप्तानाला उचललं, कप्तानाने त्या गड्याला ओढून वर घेतलं. सरांनी छत्री फेकून दिली, ती कोणी नेली ते आजतागायत कळलं नाही. मी कोणाला मिठी मारली, कोणाच्या पाया पडलो! मग मेहुणा ढाल घेऊन समोर आला. तो रडवेला होता आणि हसतही होता. ढाल माझ्या हातात ठेवून त्याने मान तिरपी केली आणि उजवा कान पुढे केला. "घ्या भाऊजी. आता तुमची पाळी." मी पिळला. मन लावून पिळला. अकोल्यातल्या बायकांमध्ये कोणीतरी खळखळून हसलं. तो आवाज मी ओळखला. ती माझी बायको होती, भावाचा कान पिळला जाताना हसणारी.

संध्याकाळच्या गाडीआधी आम्ही निरोप घ्यायला घरी गेलो. मी तर हवेतच होतो. सासूबाईंच्या पाया पडलो आणि चेष्टेने म्हणालो, "मामी, तुमच्या लेकाने डाव चांगला टाकला होता. रोडग्यांनी आम्हाला बुडवलंच असतं."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "डाव? कायचा डाव?"

"नवसाचं निमित्त करून…"

"निमित्त काहून? खराच नवस होता." मग त्या जरा घुटमळल्या, लेकीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "दिवाळीले हे आली त् रडे. म्हने, आई, हे हासतच नाहीत. शाळेतून येते अन् ओट्यावर बसते. मी मारुतीले म्हनलं, देवा, माह्या जवायाले एक डाव मैदानात उतरू दे, मी तुह्या दारी रोडगे घालीन. तुमी उतरले. मारुती पावला. म्हनून केले."

"आणि सामना? ढाल?"

"ढालीचं मारुतीले काय करा लागते बापा?" त्या म्हणाल्या. "इकडून माहा पोरगा, तिकडून माहा जवाई. मी कोनासाठी मांगू?"

मेहुणा दाराशी उभा होता. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "मी फकस्त मारुतीचा शनिवार अन् सामना एकाच दिवशी हाय म्हनून खूश झालो होतो भाऊजी. ते सांगून टाकतो."

ढाल हातात जड झाली. दिवाळीपासूनचं सगळं डोळ्यांपुढून गेलं, पिशवीच्या तळाशी घातलेली ती अर्धी चड्डीसुद्धा. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

सासूबाई आतून पत्रावळीवर एक रोडगा घेऊन आल्या, गार झालेला. "साऱ्यायनं खाल्लं," त्या म्हणाल्या, "अन् ज्याच्यासाठी केले तो पंगतीत नुसता फिरत राह्यला. एक घास नाही घेतला तुमी. मी पाहत होती."

खरंच की. दोन्ही संघांच्या पानांवर नजर ठेवता ठेवता मी जेवलोच नव्हतो.

बाहेर टांगा उभा होता, पोरं ओरडत होती, सर गाडी चुकेल म्हणून अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी ढाल भिंतीला टेकवली आणि जमिनीवर मांडी घातली. रोडगा कडक झाला होता, दोन्ही हातांनी फोडावा लागला. बायको तुपाची वाटी घेऊन समोर बसली. पहिला घास तोंडात गेला आणि मला एवढी भूक लागली आहे हे मला तेव्हाच कळलं.

"अजून हाय का?" मी विचारलं.